सव्वीस वळणं आणि दुपारची बोट

भूमध्य समुद्रातल्या मायोर्का या स्पॅनिश बेटावर सा कालोब्रा नावाची इवलीशी वस्ती आहे. तिच्याकडे जाणारा रस्ता डोंगरावरून साडेनऊ किलोमीटर खाली उतरतो आणि समुद्राच्या काठाशी संपतो. पुढे वाट नाही. खाली गेलेल्या माणसाला परतायचं तर तोच घाट उलटा चढावा लागतो, नाहीतर धक्क्यावरून बोट धरावी लागते. युरोपातले सायकलवाले हा घाट ओळखतात तो त्याच्या सव्वीस हेअरपिन वळणांमुळे. सहकुटुंब सुट्टीवर आलेल्या माणसाला मात्र त्याचा वेगळाच उपयोग आहे. आपण सायकलवर डोंगरातून यायचं, बाकीच्या मंडळींनी बोटीने समुद्रावरून यायचं आणि दुपारी खाली भेटून एकत्र जेवायचं.

ही भेट जुळवून आणतो तो गाइड. वाट दाखवायला त्याची फारशी गरज नाही. डोंगरात मुख्य रस्ता एकच, फाटे मोजके, पाट्या ठळक. त्याला पैसे द्यायचे ते वेळेच्या हिशेबासाठी आणि आपल्या पायांतली ताकद राखून ठेवण्यासाठी. तो सगळ्यांना बोटीच्या वेळेवर खाली पोचवतो. आणि समजा सायकलींना बोटीत जागा मिळाली नाहीच, तर घाट चढून परत जाण्याइतका जोर प्रत्येकाच्या पायांत उरलेला असेल हे सकाळपासून पाहतो. फोटो काढणं, पंक्चर काढणं, चांगली कॉफी कुठे मिळते ते सांगणं ही सगळी वरकड कामं.

या बेतासाठी मुक्काम पोर्ट दे सोयेर या बंदराच्या गावी असलेला बरा. पाल्मा या राजधानीहून सोयेरला १९१२ पासून लाकडी डब्यांची छोटी आगगाडी येते, आणि सोयेरहून बंदरापर्यंत १९१३ पासून ट्राम धावते. सा कालोब्राच्या बोटी याच बंदरातून सुटतात. सायकलचा रस्ताही इथूनच निघतो. सोयेर गाव ओलांडलं की पुच माजोर या बेटावरच्या सर्वांत उंच डोंगराच्या अंगाने चढ सुरू होतो. तो सुमारे चौदा किलोमीटर चालतो, सरासरी सहा टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की सहा मीटर वर. रस्ता साडेआठशे मीटर उंचीच्या आसपास पोचतो, बोगद्यात शिरतो, पलीकडे कुबेर आणि गोर्ग ब्लाऊ या दोन धरणांच्या काठाने जातो. मग दगडी कमानींचा एक पाट आडवा येतो. तिथे डावीकडे वळायचं, थोडं चढून ६८२ मीटरवरच्या कोल देल्स रेइस या खिंडीत यायचं. खिंडीपलीकडे सव्वीस वळणं. एकूण अंतर चाळीसेक किलोमीटर.

गाइड हा हिशेब उलट्या बाजूने करतो. मंडळींना बारा वाजता खाली भेटायचं ठरलं असेल तर शेवटच्या उताराला अर्धा तास. पाटापासून खिंडीपर्यंत वीस मिनिटं. बोगदा ते पाट अर्धा तास. मोठा चढ एक तास वीस मिनिटं. बंदर ते चढाचा पायथा वीस मिनिटं. कॉफीला पंचवीस, आणि पंक्चर, फोटो, कुणाचं जाकीट काढणं-घालणं यांना पंधरा. बेरीज तीन तास चाळीस मिनिटं होते. म्हणजे निघायचं आठ वीसला. या बेरजेत सर्वांत मोठा आकडा चढाचा आहे आणि माणसामाणसांत सर्वाधिक फरक पडतो तोही तिथेच. म्हणून गट पाडताना गाइडला तुमचा सपाटीवरचा वेग फारसा उपयोगी नसतो. 'आठवड्याला किती किलोमीटर?' यापेक्षा 'सलग तासभराचा चढ शेवटचा कधी चढलात?' हा प्रश्न नेमका. उत्तर खरं द्यावं. मरीन ड्राइव्हवर पहाटे तिशीचा वेग राखणाऱ्याला चढाचं काहीच कळलेलं नसू शकतं. उलट सिंहगड नेहमी करणाऱ्या पुणेकराला इथला चढ सौम्य वाटेल. सिंहगडाचा रस्ता जागोजागी अंगावर येतो, इथे तो बराचसा एकसारखा चढत राहतो. इथला त्रास लांबीचा आहे.

किती ताकद लागते ते साध्या गणितात बसतं. सा कालोब्राचाच चढ घ्या, कारण बोट चुकली तर तोच चढायचा आहे. स्वार सत्तर किलोचा, सायकल आणि पाणी मिळून दहा. ऐंशी किलोचं वजन सुमारे ६७० मीटर उचलायला सव्वापाच लाख ज्यूल लागतात. हे तासाभरात करायचं तर दर सेकंदाला १४५ ज्यूल, म्हणजे तितके वॅट. टायर, चेन आणि वारा खातात ते धरून १६५. हाच चढ पाऊण तासात करायचा म्हटलं तर २२० वॅट. अधूनमधून सायकल चालवणाऱ्या माणसाला १६५ वॅट तासभर देणं जड असलं तरी अशक्य नाही. २२० वर तो पंधरा-वीस मिनिटांत संपतो. आणि एकदा असा संपलेला माणूस पाच मिनिटं थांबून पूर्ववत होत नाही. गाइड चढावर मुद्दाम कंटाळवाणा वेग धरतो त्याचं कारण हे आहे. त्याच्या शेजारी जाऊन बोलायला लागा. पूर्ण वाक्य एका दमात बोलता आलं तर वेग बरोबर. तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला की तो काही न बोलता थोडा मागे सरकतो.

गिअरचंही असंच. भाड्याच्या चांगल्या रोड सायकलला पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या असतात. मागच्या चकत्यांत सर्वांत मोठी ३२ किंवा ३४ ची मागून घ्यावी. पुढे ३४, मागे ३२ असताना पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वादोन मीटर सरकते. तासाला साडेनऊ किलोमीटरच्या वेगाला मिनिटाला सत्तर फेरे पडतात. गुडघ्यांना हे मानवतं. मागे २८ असेल तर त्याच वेगाला साठच फेरे आणि प्रत्येक फेऱ्याला जास्त रेटा. एका फेऱ्यात फरक जाणवत नाही, पाच हजार फेऱ्यांनी जाणवतो.

सायकल आदल्या संध्याकाळीच ताब्यात घ्यावी. सकाळी आठला दुकानात सीटची उंची जुळवत बसलं की वरचा सगळा हिशेब कोलमडतो. घरच्या सायकलवर पेडलच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर मोजून लिहून आणावं. दुकानदार दोन मिनिटांत तितकंच करून देतो. बुटांना क्लीट असतील तर बूट आणि पेडल दोन्ही घरून आणावीत. हे आणलं की अनोळखी सायकल निम्मी ओळखीची होते.

भारतातून किंवा इंग्लंडातून गेलेल्या माणसाने एक गोष्ट दुकानातच तपासायची. आपल्याकडे उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. स्पेनमध्ये बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो. सपाटीवर हे लक्षातही येत नाही. उतारावर एखादी बकरी आडवी आली, आणि त्रामुन्तानाच्या डोंगरात बकऱ्या येतातच, की हात सवयीने दाबतात आणि भलतंच चाक अडकतं. काही दुकानं ब्रेक बदलून देतात, पण तेलाच्या डिस्क ब्रेकला ते लगेच जमेलच असं नाही. मग गल्लीत दहा मिनिटं हळू चालवून हाताला नवा हिशेब शिकवावा. दुसरी सवय रस्त्याच्या बाजूची. इथे उजवीकडून चालायचं, आणि गोल चौकात घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचं. गटात असताना पुढच्याच्या मागे जाता येतं, त्यामुळे चूक होत नाही. ती होते कॉफीनंतर रस्त्यावर पहिला उतरणाऱ्याची. गाइड अशा वेळी स्वतः आधी बाहेर पडतो.

कायदा सायकलवाल्याच्या बाजूचा आहे, आणि तो पाळला जातो याचं आपल्याला पहिल्या दिवशी जरा अप्रूप वाटतं. सायकलला ओलांडताना गाडीने दीड मीटर अंतर सोडायचं असतं. त्यासाठी मधली अखंड रेघ ओलांडायलाही, समोर मोकळं असेल तर, परवानगी आहे. दोन सायकली शेजारीशेजारी चालू शकतात. गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं. बोगद्यासाठी पुढे-मागे दिवे हवेत. दारूची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे, तेव्हा जेवणातल्या वाइनचा विचार बोटीत बसल्यावर करावा.

सकाळी बंदरातून निघाल्यावर गाइड लगेच वेग घेत नाही. सहा-आठ जणांचा गट दोन-दोनच्या ओळीत लावतो, पुढच्याच्या चाकापासून साधारण सायकलभर अंतर ठेवायला सांगतो आणि खुणा शिकवतो. रस्त्यातला खड्डा बोटाने दाखवायचा. उजवीकडे उभी गाडी असेल तर पाठीमागे हात नेऊन डावीकडे सरका अशी खूण करायची. मागून गाडी आली की शेवटचा ओरडतो आणि ते ओरडणं एकेक करत पुढे पोचवायचं. अचानक ब्रेक मारायचा नाही. मागचा तुमच्या भरवशावर आहे. हे सगळं आडोशासाठी. सपाटीवर सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. पुढच्याच्या मागे नीट राहिलं तर वेगानुसार पाव ते तिसरा हिस्सा श्रम वाचतात. याच बेटावरच्या फेलानिच गावचा गियेम तिमोनेर मोटारसायकलच्या आडोशाला सायकल पळवण्याच्या शर्यतीत १९५५ ते १९६५ या काळात सहा वेळा जगज्जेता झाला. आडोसा ही केवढी गोष्ट आहे याचा याहून मोठा पुरावा नको. चढावर मात्र हे गणित बदलतं. ताशी दहाच्या वेगाला वारा जवळजवळ नसतोच, वजन तेवढं असतं. म्हणून चढ लागला की गाइड ओळ मोडतो आणि प्रत्येकाला आपापल्या तालावर सोडतो. एकाच गतीने सगळ्यांना चढवणारा गाइड नवशिका समजावा.

नवरा-बायकोंपैकी एकाला सराव असेल आणि दुसऱ्याला नसेल तर हीच जागा भांडणाची. त्यावर सोपा उपाय म्हणजे एकासाठी बॅटरीची सायकल. युरोपातल्या नियमाप्रमाणे तिची मोटर २५० वॅटची असते आणि ताशी पंचवीसच्या पुढे मदत थांबते. चढावर कुणी पंचविशी गाठत नाही, त्यामुळे मदत पूर्ण मिळते. उतारावर सायकल फक्त जड असते. बॅटरी मात्र पहिल्याच चढावर उधळायची नाही. गाइड सर्वांत कमी मदतीवर सुरुवात करायला लावतो, आणि खाली पोचताना निम्म्याच्या आसपास शिल्लक हवी असं बजावतो. कारण पुन्हा तेच, बोटीची खात्री नाही.

खाण्याचं वेळापत्रकही गाइडच्या हातात. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो. निघाल्यापासून दर वीस-पंचवीस मिनिटांनी घासभर, तासाला एक बाटली पाणी. आपल्याकडची शेंगदाण्याची चिक्की आणि खजूर जर्सीच्या मागच्या खिशात उत्तम राहतात आणि महागड्या जेलपेक्षा चवीला कितीतरी बऱ्या. कॉफीच्या थांब्यावर एन्साइमादा नावाची गुंडाळलेली, वरून साखर भुरभुरवलेली मऊ पाव-मिठाई हमखास पुढे येते. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावं, ती डुकराच्या चरबीत करतात. त्याऐवजी ऑलिव्ह तेल आणि टोमॅटो चोळलेला पाव, पा अम्ब ओली, हॅमशिवाय मागावा. बदामाचा गातो केकही चालेल, अंडं चालत असेल तर. सोयेरच्या खोऱ्यात संत्र्यांच्या बागा आहेत. ताजा रस दोन पेले प्यायला हरकत नाही.

बोगद्याआधी दिवे लावायचे, काळा चष्मा नाकावरून खाली घ्यायचा आणि रांग एकेरी करायची. बाहेर आल्यावर अंगावरचा घाम एकदम थंड पडतो, एप्रिलमध्ये तर हुडहुडी भरते. पातळ जाकीट इथे घालायचं, खिंडीत नाही.

कोल देल्स रेइसला सगळे जमले की गाइड दिवसातली सर्वांत महत्त्वाची पाच मिनिटं बोलतो. हा रस्ता आंतोनिओ पारिएत्ती या अभियंत्याने आखला आणि १९३२ मध्ये तो पूर्ण झाला. डोंगरातून बोगदा काढायचा नाही आणि चढही फार तीव्र होऊ द्यायचा नाही, असं त्याचं धोरण होतं. मग उरतं ते रस्ता लांबवणं. उताराची सरासरी सात टक्क्यांवर राखण्यासाठी त्याने तो डोंगराच्या अंगावर इतका घोळवला की खिंडीपासून जवळच एके ठिकाणी तो जवळजवळ पूर्ण वेढा घेऊन स्वतःच्याच पुलाखालून निघून जातो. टायची गाठ बांधताना ही कल्पना सुचली असं सांगतात. नावही 'टायची गाठ' असंच पडलंय. खरं असो वा नसो, वळणाचं काम चोख आहे. इथली वळणं अंदाज चुकवत नाहीत, आणि उतरताना हेच सर्वांत मोलाचं.

तरी शिस्त लागतेच. हात हँडलच्या खालच्या वाकलेल्या भागात, बोटं ब्रेकवर. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात शिरल्यावर ब्रेक सोडायचा. बाहेरच्या बाजूचं पेडल खाली, वजन त्यावर. नजर वळण जिथे संपतं तिथे. माणूस जिकडे बघतो तिकडे सायकल जाते, म्हणून दरीकडे बघायचं नाही. सतत ब्रेक दाबून उतरलं की हात आखडतात आणि ब्रेक तापतो; दोन वळणांमध्ये सोडायचा, वळणाआधी जोरात लावायचा. आणि समोरून पर्यटकांची बस. हेअरपिनमध्ये बसला सगळी रुंदी लागते. खालून बस येताना दिसली तर वळणाच्या अलीकडे उजव्या कडेला थांबायचं, तिला वर जाऊ द्यायचं. दुपार जवळ येते तशा बस वाढतात. सकाळी आठ वीसला निघण्याचा हट्ट काही अंशी त्यांच्यासाठीही असतो. तळाजवळ रस्ता दोन खडकांच्या चिंचोळ्या फटीतून जातो, तिथे पलीकडून कोण येतंय ते पाहून मगच घुसायचं. उताराला गाइड पुढे राहतो आणि त्याला कुणी ओलांडायचं नाही. हा नियम मोडणाऱ्याला पुढच्या दिवशी गटात घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खाली तोवर बाकीची मंडळी आलेली असतात. बोट कड्यांच्या पायथ्याने तासाभरात येते. धक्क्यापासून खडकात खोदलेल्या पायी बोगद्यांतून चालत गेलं की तोरेन्त दे पारेइस या घळईचं मुख लागतं. दोन बाजूंना उंच कडे आणि मधे गोट्यांचा छोटा किनारा. वाळू नाही, तेव्हा मुलांना पाण्यात चालणारे बूट हवेत. आजी-आजोबांना बोगदे सपाट असल्याने जमतात. सायकलवाल्यांनीही क्लीटचे बूट काढूनच तिकडे जावं.

इथवर आल्यावर काही जण विचारतात, मग घाट चढलोच कुठे? खरं आहे, प्रसिद्ध चढ तसाच राहतो. त्यासाठी उलटा बेतही करता येतो: सकाळी सायकलसह बोटीने खाली यायचं आणि घाट चढून सायकलने परतायचं. पण मग पाय गरम व्हायच्या आत थेट चढाला तोंड द्यावं लागतं, बोट येईपर्यंत ऊन वर आलेलं असतं आणि घरच्यांबरोबरचं जेवण बुडतं. सराव असलेला एखादाच आग्रही असेल तर गाइड त्याला जेवणाआधी खिंडीपर्यंत चढून परत उतरायला सोडतो. हेही वेळ हाताशी असेल तरच. कुटुंबाच्या सुट्टीत मी पहिला बेतच पसंत करेन.

बोटीची चौकशी आदल्या दिवशी करायची: सायकली घेतात का, किती, कोणत्या फेरीला. उत्तरेचा त्रामुन्ताना वारा सुटला की या किनाऱ्यावर लाटा उसळतात आणि फेऱ्या रद्द होतात. गाइड संध्याकाळीच वाऱ्याचा आणि लाटांचा अंदाज पाहतो, आणि शंका असेल तर बेत फिरवतो. मग सगळे विरुद्ध दिशेला, देइया आणि वाल्देमोसा या गावांकडे. शोपँ आणि जॉर्ज सँड यांनी १८३८-३९ चा हिवाळा वाल्देमोसाच्या मठात काढला होता. घरच्यांना तिथे गाडीने येता येतं, बोटीवर काही अवलंबून राहत नाही आणि चढही मवाळ. सकाळी उठल्यावर समुद्र शांत दिसला तरी गाइडचा आदल्या रात्रीचा निर्णय बदलायचा नाही. खिडकीतून बंदर दिसतं, कड्याखालच्या लाटा दिसत नाहीत.

परतीच्या बोटीत चढण्याआधी जर्सी बदलावी. घामेजलेल्या अंगाने उघड्या डेकवर तासभर बसलं तर दुसऱ्या दिवशी कंबर बोलते. सायकली खलाशी बांधतात. चेन बाहेरच्या बाजूला येईल अशी ठेवावी, नाहीतर शेजारच्या सायकलचा रंग जातो आणि भुर्दंड तुमच्या अनामतीतून कापला जातो. दुकान संध्याकाळी बंद व्हायच्या आत सायकल द्यायची, आणि आपली पेडल काढून घ्यायला विसरायचं नाही. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते सैल करायला पाना घड्याळाच्या दिशेने फिरवायचा.